फटफटीचा आहार
अथवा जुन्या मोटारसायकलीस इंजेक्शन

पनवेल हे पूर्वीपासून चाकांचे गाव. मुंबईहून खाडीमार्गे आलेला माल येथे उतरावा, बैलगाड्यांवर चढावा आणि बोरघाटाने देशावर जावा, असा येथील क्रम होता. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि ही वर्दळ वाढली. गाडीची चाके बनविणे हा येथील एक नावाजलेला धंदा होता. आता बैलगाड्या गेल्या व त्यांच्या जागी फटफट्या आल्या. परंतु घाट तोच आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळे पुण्यास निघालेला फटफटीस्वार आजही खोपोलीवरून, शिंग्रोबाच्या देवळाजवळून, जुन्याच वाटेने घाट चढतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आम्हास एक प्रश्न केला. त्यांच्या घरी ३४६ घनसेंटिमीटरची एक जुनी बुलेट आहे. ती त्यांच्या तीर्थरूपांनी विकत घेतलेली. तीर्थरूप वारले, गाडी मात्र राहिली. सकाळी ती दहा-बारा किका मारल्यावाचून जागी होत नाही, मधूनच ठसकते, आणि लोणावळ्यास पोहोचून प्लग काढून पाहावा तर तो काजळीने माखलेला असतो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, कार्ब्युरेटर काढून टाका आणि हिला एफ.आय. बसवा, नव्यासारखी पळेल." गाडी विकण्यास गृहस्थांचे मन होईना, खर्च करण्यास धीर होईना. "आपण विज्ञान शिकविता, आपणच सांगा," असे ते म्हणाले. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही, कारण ते देण्यापूर्वी काही गोष्टी मोजून पाहणे अवश्य होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांना दिलेले उत्तरच होय. अशा जुन्या गाड्या पुष्कळ घरी असल्यामुळे तो इतर पालकांसही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

प्रथम इंजिनाचा आहार काय, ते पाहू. पेट्रोल एकटे जळत नाही. त्यास हवा लागते. शुद्ध पेट्रोलचा एक ग्रॅम पुरता जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल ह्याहून अधिक झाल्यास मिश्रण 'रिच' झाले असे मिस्त्री म्हणतात. मग धूर व काजळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. पेट्रोल कमी पडल्यास मिश्रण 'लीन' होते. इंजिन तापते, ठसकते व प्रसंगी पिस्टनास इजा होते. आता आपल्या बुलेटचा हिशेब करू. ती मिनिटास ४,००० फेरे घेत आहे असे समजा. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांस एकदा श्वास घेते. म्हणजे मिनिटास २,००० आणि सेकंदास सुमारे ३३ श्वास झाले. सिलिंडर चार पंचमांश भरला असे धरल्यास दर श्वासास सुमारे ०.३२ ग्रॅम हवा आत जाते, आणि तिच्याबरोबर फक्त २२ मिलिग्रॅम पेट्रोल जावे लागते. पाण्याचा एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅम भरतो. त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा हा घास सेकंदास ३३ वेळा, न चुकता, मोजून द्यावयाचा आहे!

हे काम आजवर कार्ब्युरेटरने केले. त्याचे तत्त्व आमच्या विद्यार्थिमित्रांस घरच्या घरी पाहता येईल. पेल्यात पाणी घेऊन त्यात शीतपेयाची एक नळी उभी धरावी व तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोराने आडवी फुंकर मारावी. पाणी आपोआप नळीतून वर चढते व तुषार होऊन उडते. वाहत्या हवेचा दाब कमी होतो, आणि पेल्यातील पाण्यावरचा वातावरणाचा दाब पाण्यास वर ढकलतो, हे त्याचे कारण. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा हेच घडते. खालच्या वाटीतील पेट्रोल जेट नावाच्या पितळी तुकड्याच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन यंत्रज्ञाने असा फवारा देणारा कार्ब्युरेटर १८९३ साली बनविला, व पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जगातील बहुतेक फटफट्या ह्याच युक्तीवर चालल्या. त्यास वीज लागत नाही. पंपही लागत नाही, पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने खाली उतरते. एक पेचकस व थोडी अक्कल असली की रस्त्याच्या कडेसही तो दुरुस्त होतो. हा गुण थोडा नव्हे.

परंतु त्यात एक उणीव आहे. जेटचे छिद्र एकदा ठरले की ठरले. हवा किती आकारमानाने गेली हे कार्ब्युरेटरास कळते. ती किती वजनाने गेली हे त्यास नीट कळत नाही. पनवेल समुद्रसपाटीलगत आहे, लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर. तेथील हवा जवळजवळ ६ टक्के विरळ असते. गणिताने असे निघते की कार्ब्युरेटरचे मिश्रण ह्या विरळपणाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने रिच होत जाते. म्हणजे लोणावळ्यास सुमारे ३ टक्के. एवढ्याने गाडी बंद पडत नाही. आपल्याकडील पुष्कळ तरुण लडाखास फटफटीने जातात; तेथे ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग खिंडीत मात्र हाच दोष ३० टक्क्यांच्या घरात जातो, आणि कार्ब्युरेटरची गाडी धापा टाकू लागते. ऋतूंचेही तसेच. पौषातील पहाटेची १५ अंशांची हवा व वैशाखातील दुपारची ३८ अंशांची हवा ह्यांच्या घनतेत सुमारे ७ टक्क्यांचा फरक असतो.

ह्यात अलीकडे तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे, आणि ती पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. शेकडा २० भाग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशात २०२३ सालच्या फेब्रुवारीत सुरू झाली व २०२५ सालापर्यंत ते बहुतेक सर्वत्र मिळू लागले. इथेनॉलच्या अंगी मुळातच प्राणवायू असल्यामुळे ह्या मिश्रणास हवा कमी लागते, १४.७ च्या ठिकाणी सुमारे साडेतेरा. ह्याचा अर्थ असा की शुद्ध पेट्रोलसाठी ठरविलेल्या जुन्या जेटातून आता गरजेपेक्षा सुमारे ८ टक्के कमी इंधन जाते. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगविते, आणि पावसाळ्यात टाकीत पाणी शिरल्यास त्या पाण्याशी एक होऊन तळाशी बसते. जुनी गाडी ठसकू लागल्यास केवळ वयास दोष देऊ नये, तो ह्यासाठी.

आता इंजेक्शनकडे वळू. नावाने दचकण्याचे कारण नाही. ही रंगपंचमीची पिचकारीच आहे. फरक इतकाच की पिचकारीतून रंग किती उडाला हे आपण मोजीत नाही, येथे ते काटेकोर मोजले जाते. पंप पेट्रोलवर चौरस इंचास सुमारे ४३ पौंड इतका दाब सतत ठेवतो. पिचकारीच्या तोंडाशी विजेने उघडणारी एक सूक्ष्म झडप असते. दाब कायम असल्यामुळे झडप जितका वेळ उघडी राहील तितके पेट्रोल पडते. मिनिटास १५० घनसेंटिमीटर सोडणारी पिचकारी घेतल्यास आपला २२ मिलिग्रॅमचा घास देण्यास ती सेकंदाचे सुमारे १२ सहस्रांश इतका वेळ उघडावी लागते. म्हणजे पेट्रोल मोजण्याचे काम वेळ मोजण्यावर आले, आणि वेळ मोजण्यात वीज अत्यंत निष्णात आहे.

झडप किती वेळ उघडावी, हे ठरविण्यास एक छोटा संगणक असतो. त्यास डोळे-कान हवेत, म्हणून निरनिराळे सेन्सर बसवितात. एक इंजिनाचे फेरे मोजतो, एक मूठ किती पिळली ते सांगतो, एक आत येणाऱ्या हवेचा दाब व एक तिची उष्णता सांगतो, आणि एक इंजिन किती तापले ते कळवितो. शेवटचा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसून जळलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे काय ते पाहतो. जर्मनीतील बॉश कंपनीने घडविलेला हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वो मोटारीत आला. इंजेक्शनचा खरा मोठेपणा ह्यात आहे. बाकीचे सेन्सर घास किती द्यावा हे सांगतात; हा मात्र दिलेला घास बरोबर होता की नाही हे सांगतो, आणि संगणक पुढचा घास सुधारतो. घाट असो, थंडी असो वा इथेनॉल असो, संथ चालीत चूक आपोआप भरून निघते.

संगणकाच्या पोटी काय असते? आमच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेली वस्तू, म्हणजे पाढ्यांचा तक्ता. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत हवेचा दाब किंवा मुठीची पिळ, आणि जेथे दोन्ही मिळतात त्या घरात एक आकडा. सोळा आडव्या व सोळा उभ्या ओळी घेतल्यास २५६ घरे होतात. संगणक क्षणोक्षणी योग्य घर शोधून तेथील आकडा वाचतो.

ही विद्या फटफटीत केव्हा आली? जपानच्या कावासाकी कंपनीने १९८० साली एक हजार घनसेंटिमीटरच्या गाडीस इंजेक्शन देऊन विकावयास काढली. आपल्या देशात २००६ साली हीरो होंडाची ग्लॅमर एफ.आय. आली. ह्या बाबतीत महाराष्ट्रातील उदाहरण मोठे बोधप्रद आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली पल्सर २२० ही इंजेक्शनची गाडी बाजारात आणली आणि अवघ्या दोन वर्षांनी, २००९ साली, त्याच गाडीस पुन्हा कार्ब्युरेटर बसवून ती कमी किमतीस विकली. आणि ती चांगली खपली. त्याच वर्षी रॉयल एन्फील्डने मात्र क्लासिक ५०० ही इंजेक्शनची गाडी देशात आणली. म्हणजे मोठमोठे कारखानेही गुण व किंमत हे दोन्ही तराजूत घालून पाहात होते. हा वाद कायद्याने मिटविला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या नव्या फटफट्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला.

जुन्या गाडीस हे सर्व बसविता येते काय? येते. जगात हौशी लोकांनी ते केले आहे व त्यासाठी संचही विकत मिळतात. परंतु 'एक काढा, दुसरे लावा' असे हे काम नव्हे, हे पुढील क्रमावरून ध्यानी येईल.

पहिली गोष्ट वीज. कार्ब्युरेटरच्या गाडीची बॅटरी पार उतरली असली तरी ती बहुधा किकने सुरू होते. इंजेक्शनची गाडी विजेवाचून मुळीच चालत नाही. पंपास सुमारे ४० वॅट, आणि संगणक, पिचकारी व सेन्सर मिळून आणखी २०-३० वॅट, अशी ६०-७० वॅटांची भर पडते. म्हणजे एक मोठा दिवा जादा लावल्यासारखे झाले. पुष्कळ जुन्या गाड्यांची वीज सहाच व्होल्टांची असे. त्यांस प्रथम बारा व्होल्टांचे नवे मॅग्नेट व रेग्युलेटर हवेत. हे न केल्यास गाडी दिवसा चालेल आणि रात्री दिवा लावताच घाटात उभी राहील.

दुसरी गोष्ट टाकी. जुन्या टाकीत गंज असतो. कार्ब्युरेटरच्या जेटात कचरा अडकल्यास तो फुंकर मारून निघतो, पिचकारीचे सूक्ष्म तोंड बुजल्यास निघत नाही. म्हणून टाकी आतून स्वच्छ करून गाळणी, पंप व जादा पेट्रोल परत टाकीत नेणारी नळी बसवावी लागते. दाबाखालील पेट्रोलास नेहमीची मऊ नळी चालत नाही. दाब सोसणारी खास नळी व मजबूत क्लिपाच हव्यात. येथे एक कळकळीची सूचना आहे. परतीच्या नळीसाठी टाकीस झाळ द्यावयाची झाल्यास ते काम घरी किंवा नवशिक्या हाताने कदापि करू नये. टाकी रिकामी दिसली तरी तिच्यातील पेट्रोलची वाफ एका ठिणगीने स्फोट करते.

तिसरी गोष्ट, इंजिनाचे फेरे मोजण्यासाठी दातेरी चाक. मॅग्नेटाच्या फिरत्या भागावर ते बसवितात. चोवीस दातांच्या जागा ठेवून त्यांतील दोन दात मुद्दाम गाळतात, व ह्या खिंडीवरून संगणक पिस्टन कोठे आहे ते ओळखतो. ह्या कामी कसबी टर्नर लागतो. दाते वेडेवाकडे पडल्यास संगणकाचे सर्वच गणित चुकते. त्यानंतर कार्ब्युरेटरच्या जागी झडपेचे नवे नरडे, म्हणजे थ्रॉटल बॉडी, येते. तिच्या जोडातून बाहेरची हवा यत्किंचितही शिरता कामा नये. सायलेन्सरच्या नळीस, इंजिनाच्या जवळ, प्राणवायूच्या सेन्सरसाठी आट्यांची बोंडी वेल्डिंग करून बसवितात. सर्व वायरिंगास फ्यूज हवेत, आणि गाडी आडवी पडताच पंप बंद करणारा सेन्सर तर हवाच हवा. नाहीतर अपघातात पंप पेट्रोल ओतीतच राहील.

शेवटचे काम सर्वांत नाजूक. वर सांगितलेल्या तक्त्यात आकडे भरावयाचे. दुसऱ्या गाडीचा तक्ता आपल्या गाडीस तंतोतंत लागत नाही. प्रथम गाडी उभी असताना, मग सपाट रस्त्यावर, मग चढावर, अशी एकेक घराची परीक्षा घेऊन आकडे सुधारावे लागतात. चढावर पूर्ण मूठ पिळली असता मिश्रण किंचित रिच असावे, संथ चालीत नेमके. ह्यात उतावळेपणा केल्यास पुढे तेच इंजिन तापून अडकते. आमच्या मते संच विकत घेण्यापूर्वी, हे आकडे कोण भरणार, ह्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील मूळ कारखान्याने दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा फेरफार मालकास करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ह्याच अर्थाचा निर्णय दिला. नोंदणीपत्रात कार्ब्युरेटरचा उल्लेख नसतो, म्हणून हरकत नाही, असे कोणी म्हणतात. पण अशा तोंडी मतावर विसंबू नये. पनवेलच्या एम.एच. ४६ च्या कार्यालयात लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे आणि विमा कंपनीसही कळवावे. गाडी पंधरा वर्षांची झाल्यावर नोंदणी नवी करताना तपासणी होते. त्या वेळी हे कागद उपयोगी पडतात.

दोन-स्ट्रोक गाड्यांविषयी एक शब्द. जुन्या राजदूत वा आर.एक्स. १०० ह्यांच्या इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो. हवेच्या वाटेवर पिचकारी बसवून ही गळती थांबत नाही. बाहेर जाणारी वाट मिटत आल्यावर थेट सिलिंडरात पेट्रोल सोडावे लागते. फिलिपाइन्समधील विगान शहरी तीनचाकी टॅक्सींस असे संच बसविण्यात आले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात त्यांची सिद्धता झाली होती. चालकांचे पेट्रोल वाचले व धूर घटला. परंतु हे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे काम. गल्लीतील गॅरेजचे नव्हे.

आता आमच्या गृहस्थांच्या गाडीकडे येऊ. एका रविवारी आम्ही, ते आणि त्यांचे चिरंजीव असे तिघे गाडीपाशी बसलो व जे मोजता येईल ते मोजले. वीज सहा व्होल्टांची निघाली. टाकीच्या तळाशी गंजाचा थर व पाणी सापडले. कार्ब्युरेटरची स्लाइड झिजून सैल झाली होती. जेटाचे छिद्र कोणी तरी तारेने कोरून मोठे केलेले होते, आणि काजळीचे कारण घाट नसून तेच होते. धुराच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. ही मर्यादा २००० सालापूर्वीच्या दुचाकींची होय. त्या सालच्या मार्चनंतर बनलेल्यांस ती त्याहून कमी आहे. ह्यांपैकी वीज व टाकी ह्यांचे दोष इंजेक्शन बसविल्याने आपोआप गेले नसते. उलट गंज व सहा व्होल्ट ह्यांनी नवा संचच बुडविला असता.

म्हणून आमचे उत्तर असे झाले. इंजेक्शन ही उत्तम गोष्ट आहे. ज्याची गाडी निरोगी, वीज पुरेशी, कागद व्यवस्थित आणि हाताशी जाणता मिस्त्री आहे, त्याने ती खुशाल करावी. ज्यास केवळ रोजची गाडी नीट चालावयास हवी आहे, त्याने आधी जुना कार्ब्युरेटर नीट करावा. गृहस्थांनी टाकी धुवून घेतली, इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या घातल्या, स्लाइड बदलली आणि कारखान्याच्या मापापेक्षा एकच पायरी मोठा जेट बसविला. गाडी आता तिसऱ्या किकेस बोलते. धुराची चाचणीही ती उत्तीर्ण झाली.

इंजेक्शनचा विचार मात्र सुटलेला नाही. चिरंजीव सध्या दहावीत आहेत. त्यांनी एक वही घातली असून प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, झालेले किलोमीटर, प्लगाचा रंग व त्या दिवशीची हवा तीत ते टिपून ठेवतात. बारा व्होल्टांच्या मॅग्नेटासाठी घरात पैसे साठविणे सुरू आहे. परीक्षा संपल्यावर आजोबांच्या गाडीस आपणच इंजेक्शन बसवू, असे ते म्हणतात. तोवर त्यांच्या वहीची पाने भरतील, आणि तक्त्याच्या २५६ घरांत आकडे भरावयाची वेळ येईल तेव्हा आपल्या गाडीची चाल त्यांना पुरती ठाऊक असेल.